पाटीवरचा कॉमा : कुठे द्यावा, कुठे देऊ नये

नगर रस्त्याने शिरूरमध्ये शिरावे, किंवा दौंड स्टेशनातून बाहेर पडून बाजारपेठेकडे निघावे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. गॅरेज असो, बेकरी असो, टेलरचे दुकान असो की फळांचा गाळा असो, पाटीवर मराठी नावाच्या जोडीला इंग्रजी नाव असते आणि त्या इंग्रजी नावात शेवटच्या “एस” अक्षराजवळ, वरच्या बाजूला, एक छोटा कॉमा टांगलेला असतो. इंग्रजीत त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. आपल्याकडे तो पुष्कळ वेळा शोभेसाठी दिला जातो. पेंटरने दिला म्हणून दुकानदाराने ठेवला, शेजारच्या पाटीवर होता म्हणून आपल्याही पाटीवर आला, असे त्याचे चालते.

एवढ्याशा टिंबाची चर्चा व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून आपल्या कारागिरांचा कंपन्यांशी संबंध वाढला आहे. कोणी वेल्डिंगची कामे घेतो, कोणी कॅन्टीनला फळे-भाजी किंवा पाव पुरवतो, कोणी कामगारांचे गणवेश शिवतो, कोणी खुर्च्या-गाद्यांची दुरुस्ती करतो. या कामात कोटेशन, बिल, चलन सारे इंग्रजीत जाते. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून सहसा काम अडत नाही. पण आपल्याच पेढीचे नाव पाटीवर एक, बिलावर दुसरे आणि बँकेत तिसरे असले, तर पैसे अडतात. आणि या तीन नावांतला फरक बहुधा त्या एका एसचा आणि त्या एका कॉम्याचाच असतो. म्हणून हे चिन्ह एकदा नीट समजून घेतलेले बरे.

खाली इंग्रजी शब्द सांगताना आम्ही अक्षरांची नावेच लिहीत आहोत आणि जिथे तो वरचा कॉमा येतो तिथे “चिन्ह” असे लिहीत आहोत. पेंटरला किंवा छापखान्याला फोनवर सांगताना वाचकांनाही हीच रीत उपयोगी पडेल.

चिन्हाची कामे दोनच

मराठीत हे चिन्ह लागत नाही, म्हणून आपला गोंधळ होतो. मालकी दाखवायला आपल्याकडे “चा, ची, चे, च्या” आहेत. उर्दूत “का, की, के” आहेत. इंग्रजीत तेच काम चिन्ह आणि एस मिळून करतात. “बागवानचे दुकान” म्हणायचे असेल तर बागवान या शब्दापुढे चिन्ह आणि मग एस.

हे चिन्ह सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या वळणाने इंग्रजीत आले. मूळ शब्द ग्रीक आहे. गळालेल्या अक्षराची खूण, एवढेच त्याचे पहिले काम होते. शब्दातले एखादे अक्षर बोलताना खाल्ले जाते, तिथे ही खूण ठेवायची. जुन्या इंग्रजीत मालकीचा प्रत्यय “ई-एस” असा होता. पुढे त्यातला ई गळाला आणि त्याच्या जागी हीच खूण आली. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत तिचे नियम हळूहळू पक्के झाले. म्हणजे चिन्हाची कामे दोन : मालकी दाखवणे आणि गळालेले अक्षर दाखवणे. तिसरे काम नाही. वस्तू अनेक आहेत हे सांगणे हे त्याचे काम मुळीच नाही, आणि पाट्यांवरची बहुतेक चूक नेमकी इथेच होते.

अनुस्वाराची खूणगाठ

मालकीत दोन प्रकार आहेत. मालक एक असेल तर चिन्ह एसच्या आधी येते, मालक अनेक असतील तर एसच्या नंतर. हे लक्षात ठेवायला मराठीच मदतीला येते. “व्यापाऱ्याचे” आणि “व्यापाऱ्यांचे” या दोन शब्दांत फरक फक्त एका अनुस्वाराचा आहे. इंग्रजीत त्या अनुस्वाराचे काम चिन्हाची जागा करते. मराठीत अनुस्वार नसेल तर चिन्ह एसच्या आधी, अनुस्वार असेल तर एसच्या नंतर.

एका व्यापाऱ्याचे दुकान : टी-आर-ए-डी-ई-आर-चिन्ह-एस. व्यापाऱ्यांची संघटना : टी-आर-ए-डी-ई-आर-एस-चिन्ह. दौंड हे जंक्शनचे गाव, तेव्हा रेल्वेतलेच उदाहरण घेऊ. स्टेशन मास्तरचे ऑफिस म्हटले की मास्तर एकच, म्हणून चिन्ह एसच्या आधी. ड्रायव्हरांची विश्रांतीची खोली म्हटली की ड्रायव्हर अनेक, म्हणून चिन्ह एसच्या नंतर. ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन हा साऱ्या शिक्षकांचा, म्हणून तिथेही एसच्या नंतर.

यात दोन ठिकाणी सांभाळायचे आहे. पहिले म्हणजे आपण आदरानेही अनुस्वार देतो. “शेखसाहेबांचे दुकान” यात अनुस्वार आहे, पण शेखसाहेब एकच आहेत. आदराचा अनुस्वार मोजायचा नाही, माणसे मोजायची.

दुसरे म्हणजे इंग्रजीत काही शब्दांचे अनेकवचन एस न लावताच होते : मेन, विमेन, चिल्ड्रन, पीपल. यांत एस नसतोच. तो मालकीसाठी नवा येतो, म्हणून चिन्ह नेहमी एसच्या आधी. पुरुषांचे कपडे : एम-ई-एन-चिन्ह-एस. मुलांचे कपडे : सी-एच-आय-एल-डी-आर-ई-एन-चिन्ह-एस. मात्र “चिल्ड्रन” ऐवजी “किड्स” लिहिले तर शब्दात एस आधीच आहे, तेव्हा के-आय-डी-एस-चिन्ह. चिन्ह एसच्या आधी दिले तर अर्थ होतो “एकाच मुलाचे कपडे”. असे दुकान कोण काढणार?

लेडीज आणि जेन्ट्स

शिवणकामाच्या पाट्यांवर या दोन शब्दांची फार ओढाताण होते. “लेडीज” हे अनेकवचन आहे : एल-ए-डी-आय-ई-एस. चिन्ह द्यायचेच असेल तर सर्वांत शेवटी, एसच्या पुढे. आय-ई नंतर चिन्ह आणि मग एस, हे जे पाट्यांवर दिसते, ते चूकच. कारण “एल-ए-डी-आय-ई” असा शब्दच या अर्थाने इंग्रजीत नाही. “जेन्ट्स” चेही तसेच : जी-ई-एन-टी-एस-चिन्ह. चिन्ह आधी घेतले तर एकाच गृहस्थाचे कपडे शिवतो असे होईल.

या दोन्ही शब्दांपुढे चिन्ह अजिबात दिले नाही तरी आज कोणी चूक म्हणत नाही. इंग्रज मुलखातल्या पाट्यांवरही ते सर्रास गाळलेले असते. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा कामाला येणार आहे : चिन्ह गाळलेले खपते, चुकीच्या जागी दिलेले डोळ्यात भरते.

अब्बास, इद्रिस, युनूस, इलियास

आपल्या समाजात एसने संपणारी नावे पुष्कळ आहेत आणि शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात ती सहसा सापडत नाहीत. अब्बासचे गॅरेज कसे लिहावे? नाव पुरे लिहावे, मग चिन्ह, मग आणखी एक एस : ए-बी-बी-ए-एस-चिन्ह-एस. काही जण दुसरा एस गाळून नुसते चिन्ह देतात : ए-बी-बी-ए-एस-चिन्ह. दोन्ही चालतात. बोलताना “अब्बासेस” असा उच्चार होतो, तेव्हा पहिला प्रकार उच्चाराला जवळचा. पण कोणता तरी एकच घ्यावा आणि तोच सगळीकडे ठेवावा.

चालत नाही ते एकच : नावाच्या आतल्या एसच्या आधी चिन्ह घुसवणे. ए-बी-बी-ए-चिन्ह-एस असे लिहिले की वाचणारा “अब्बांचे गॅरेज” असे वाचतो. मुलाने वडिलांच्या नावाने गॅरेज काढले असेल तर गोष्ट वेगळी. पण अब्बासमिया स्वतःच मालक असतील, तर पेंटरने त्यांचे नावच तोडले असे झाले. इद्रिस, युनूस, इलियास, अनीस, फिरदौस या नावांनाही हाच नियम.

ब्रदर्स आणि सन्स

भाऊ अनेक, म्हणून “ब्रदर्स”. मुलगे अनेक, म्हणून “सन्स”. इथे मालकी सांगायची नाही, संख्या सांगायची आहे. म्हणून चिन्ह नाही. “शेख ब्रदर्स” मध्ये बी-आर-ओ-टी-एच-ई-आर-एस सलग. “पठाण अँड सन्स” मध्ये एस-ओ-एन-एस सलग. सन या शब्दानंतर चिन्ह आणि एस दिले तर “पठाण आणि मुलाचे” असे अर्धवट वाक्य होते. मुलाचे काय, हे सांगायचे राहून जाते.

विकायच्या मालाचेही तसेच. टायर्स, फ्रूट्स, ज्यूसेस, ब्लाऊजेस, बँगल्स, मॅट्रेसेस, स्पेअर पार्ट्स : सारी अनेकवचने, चिन्ह कशालाच नाही. अक्षरांच्या आद्याक्षरांनाही नाही. टीव्ही-एसी दुरुस्तीच्या पाटीवर टी-व्ही-एस, ए-सी-एस असे सलग लिहावे, एस हवा तर लहान लिपीत. सालालाही नाही. “सिन्स १९८५” एवढे पुरे.

ही चूक फक्त आपल्याकडेच होते असे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये या चुकीला “भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी” असे नावच पडले आहे, कारण तिथल्या भाजी-फळांच्या दुकानांतल्या दरपाट्यांवर ती नेहमी दिसे. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये या चिन्हाच्या रक्षणासाठी एक संस्थाही काढली होती. वयोमानाने २०१९ मध्ये त्यांनी ती बंद केली. पुढे इतरांनी ती पुन्हा सुरू केली. ज्यांची ही मातृभाषा आहे तेही चुकतात, तेव्हा आपल्या बांधवांनी संकोच धरण्याचे कारण नाही. समजून घेतले म्हणजे झाले.

पत्रातला “इट्स”

दुसरे काम गळालेल्या अक्षराचे. “डू नॉट” चे “डोन्ट” होते तेव्हा नॉटमधला ओ गळतो, म्हणून तिथे चिन्ह. “आय ॲम” चे “आय-चिन्ह-एम”. पत्रव्यवहारात सर्वांत दगा देणारा शब्द “इट्स”. “ते आहे” असा अर्थ असेल तर आय-टी-चिन्ह-एस, कारण “इज” मधला आय गळाला आहे. “त्याचे” असा अर्थ असेल तर आय-टी-एस सलग, चिन्ह नाही. इथे मालकी असूनही चिन्ह नाही, म्हणून माणूस फसतो. पण आपण “हिज” किंवा “हर” ला चिन्ह लावतो का? नाही. “इट्स” त्याच घरातला. शंका आली की त्या जागी “इट इज” ठेवून वाक्य वाचावे. जुळले तर चिन्ह द्यावे, नाही जुळले तर देऊ नये. “मशीन आणि त्याची मोटर” इथे “इट इज” बसत नाही, म्हणून चिन्ह नको.

कंपनीला पाठवायच्या पत्रात मात्र “डोन्ट, कान्ट” असे जोडशब्द वापरूच नयेत. ती बोलण्यातली भाषा आहे. “डू नॉट, कॅनॉट” असे पुरे लिहावे. पत्र भारदस्त होते आणि चिन्हाचा प्रश्नही मिटतो.

गॅरंटी आणि उधारीची मुदत

कोटेशनमध्ये मुदत लिहिताना हे चिन्ह येते. इंग्रजीत “एका वर्षाची गॅरंटी” यातही मालकीच धरतात : वाय-ई-ए-आर-चिन्ह-एस. “दोन वर्षांची गॅरंटी” : वाय-ई-ए-आर-एस-चिन्ह. पाहा, मराठीतला अनुस्वार इथेही बरोबर जागा दाखवतो. “तीस दिवसांची उधारी” : डी-ए-वाय-एस-चिन्ह, आणि पुढे क्रेडिट. ज्याला हे नको असेल त्याने आकडा, जोडरेघ आणि एकवचन वापरावे : “२-इयर गॅरंटी”, “३०-डे क्रेडिट”. तेही शुद्ध आहे.

मुदतीचा विषय निघाला आहे तर हेही सांगून ठेवतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, नोंदणी असलेल्या अशा उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या कारागिराचे पैसे देण्याची मुदत लेखी कराराने ठरवली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. कोटेशनवर मुदत शुद्ध लिहावी आणि विचार करूनही लिहावी.

फळीवरचा धडा

ज्यांचे किराणा दुकान आहे त्यांनी पुस्तक उघडण्याची गरज नाही. मागच्या फळीकडे पाहावे. लेज या वेफर्सच्या पुड्यावर एल-ए-वाय-चिन्ह-एस असे छापलेले आहे. हर्मन ले नावाचा अमेरिकी माणूस बटाट्याचे वेफर्स विकत असे. त्याचे वेफर्स ते लेज. या कंपनीचा कारखाना आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगावलाच आहे. म्हणजे हे चिन्ह शिरूरकरांच्या अंगणातूनच गाड्या भरून बाहेर जाते. हलदीरामच्या पुड्यावर, केलॉगच्या डब्यावर, जॉन्सनच्या बेबी साबणावर हेच चिन्ह आहे. माणसाचे नाव, चिन्ह, एस.

आता हॉर्लिक्सची बाटली पाहावी. हॉर्लिक हे ती काढणाऱ्या दोन भावांचे आडनाव. पूर्वी नावात चिन्ह होते, आता नाही. पिअर्स साबणाचा मूळ मालक अँड्र्यू पिअर्स. त्याचे आडनावच एसने संपणारे, म्हणून जुन्या जाहिरातींत चिन्ह एसच्या नंतर असे. आज वडीवर चिन्ह नाही. लंडनच्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ मध्ये आपल्या नावातले चिन्ह काढून टाकले, कारण संगणकाच्या पत्त्यात ते अडचणीचे होते. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने २००९ मध्ये रस्त्यांच्या फलकांवर चिन्ह न देण्याचे ठरवले. दुसरीकडे पुणे कॅम्पातली १८६४ ची बिशप्स स्कूल आणि मुंबईचे किंग्ज सर्कल स्टेशन यांच्या नावांत ते आजही आहे.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, नाव हे नियमापेक्षा नोंदीने चालते. मालकाने जसे ठरवून नोंदवले तसे ते. मॅक्डोनाल्ड हे दोघे भाऊ होते, तरी त्यांच्या दुकानाच्या नावात चिन्ह एसच्या आधी आहे. म्हणून दुसऱ्याचे नाव लिहिताना, मग ती बँक असो की कंपनी, तिच्या लेटरहेडवर जसे असेल तसेच उतरवावे. आपले व्याकरण तिथे लावू नये. दुसरी गोष्ट, चिन्ह काढून टाकण्याची मुभा मोठमोठ्या पेढ्यांनीही घेतली आहे. तेव्हा आपणही घ्यायला हरकत नाही.

एका एसची किंमत

नावातली अक्षरे किती मोलाची असतात याचा एक दाखला इंग्लंडच्या हायकोर्टात नोंदला गेला आहे. वेल्समधील कार्डिफ येथे “टेलर अँड सन्स” नावाची इंजिनिअरिंग कंपनी होती. मँचेस्टरला “टेलर अँड सन” नावाची दुसरीच कंपनी होती. ती बुडाली. २००९ मध्ये सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाने ती नोंद करताना एका एसची गफलत केली आणि बुडीत म्हणून कार्डिफच्या कंपनीचे नाव चढवले. काही दिवसांत चूक दुरुस्त झाली. पण तोवर बातमी पतपुरवठ्याची माहिती देणाऱ्या संस्थांकडे पोहोचली होती. माल देणाऱ्यांनी उधारी बंद केली, गिऱ्हाइके फिरली आणि दोन-एक महिन्यांत धडधाकट कंपनी बसली. अडीचशेच्या आसपास कामगारांची नोकरी गेली. २०१५ मध्ये कोर्टाने त्या कार्यालयाला जबाबदार धरले. निकाल मिळाला, पण तोवर सहा वर्षे लोटली होती आणि कंपनी काही उभी राहिली नाही.

आपल्याकडचा कायदा याच बाबतीत सावध आहे. कंपनीला नाव देण्याचे जे नियम आहेत त्यांत २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट म्हटले आहे की, केवळ एकवचन-अनेकवचनाचा किंवा विरामचिन्हाचा फरक असेल तर ती दोन नावे एकच समजावीत. म्हणजे कोणाच्या चालत्या नावाला एस किंवा चिन्ह जोडून “आमचे नाव वेगळे आहे” असे म्हणता येत नाही. ट्रेडमार्कच्या १९९९ च्या कायद्यातही फसवे साम्य हाच निकष आहे. एका कॉम्याने ते साम्य मिटत नाही.

सगळ्या कागदांवर एक नाव

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जीएसटीच्या दाखल्यावर मालकाचे कायदेशीर नाव आणि दुकानाचे व्यापारी नाव अशी दोन नावे असतात. बँकेतले चालू खाते व्यापारी नावाने असते. भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याखाली पेढीचे नाव नोंदलेले असते. उद्यम नोंदणी, बिलबुक, रबरी शिक्का, चेकबुक आणि पाटी आणखी वेगळी. एवढ्या ठिकाणी नाव जाते. त्यात एकीकडे “ब्रदर्स”, दुसरीकडे “ब्रदर”, तिसरीकडे चिन्हासह “ब्रदर्स” असे झाले की कंपनीचा अकाउंटंट खुलासा मागतो. त्याचेही चूक नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस किंवा एनईएफटीने पैसे पाठवताना खातेदाराचे नाव आधी पडद्यावर पाहता येते. बिलावरचे नाव त्याच्याशी जुळले नाही तर तो थांबणारच. चेकवर नावात खाडाखोड करून भागवावे म्हटले, तर चेक ट्रंकेशनच्या पद्धतीत तशी खाडाखोड चालत नाही. नवा चेक मागावा लागतो आणि आठ-पंधरा दिवस जातात. छोट्या कारागिराला तेवढे दिवसही भारी पडतात.

शिवाय वेबसाईटच्या पत्त्यात किंवा यूपीआय आयडीत हे चिन्ह चालतच नाही. म्हणजे चिन्ह असलेले नाव तिथे वेगळेच दिसणार. म्हणून नवे दुकान काढणाऱ्यांना आमचा सल्ला असा : नाव ठरवतानाच चिन्हाची गरज पडणार नाही असे ठरवावे. “बागवानचे फ्रूट्स” ऐवजी “बागवान फ्रूट्स”, “अब्बासचे गॅरेज” ऐवजी “अब्बास गॅरेज”. इंग्रजीत ही रचना पूर्णपणे शुद्ध आहे. ज्यांचे नाव आधीच चिन्हासह नोंदलेले आहे त्यांनी ते जसेच्या तसे ठेवावे. उगाच अर्ध्या कागदांवरून काढू नये.

माणसांच्या नावांतले चिन्ह

आपल्या काही नावांत आणि शब्दांत चिन्ह येते, पण त्याचा मालकीशी संबंध नसतो. इंग्रजीत कुरआन हा शब्द क्यू-यू-आर-चिन्ह-ए-एन असा लिहितात. तिथे ते अरबीतल्या हमजाची जागा दाखवते. मसऊद, सईद अशा नावांत काही जण ऐनसाठी चिन्ह देतात. गोव्याकडच्या ख्रिस्ती बांधवांच्या “डिसूझा” मध्ये डी नंतर चिन्ह येते, कारण “दे” मधला स्वर गळाला आहे. पुस्तकात किंवा लग्नपत्रिकेत हे शोभते. पण सरकारी कागदांवर आधार आणि पॅनकार्डाला जसे नाव आहे तसेच ठेवावे. तिथे चिन्ह नसेल तर बँकेच्या अर्जावरही देऊ नये. लग्नपत्रिकेत “शेख कुटुंबीय” म्हणून “द शेख्स” छापायचे असेल तर तेही नुसते अनेकवचन आहे, चिन्ह नको.

मराठी पाटीवर तर नकोच

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन सर्व दुकानांची पाटी देवनागरीत मराठीत असणे बंधनकारक झाले. मराठी अक्षरे आधी, आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांहून लहान नसावीत, असे त्यात आहे. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा पुष्कळांनी घाईने पाट्या बदलल्या. त्या घाईत इंग्रजीतले चिन्ह देवनागरीतही उतरले. “शेख” नंतर कॉमा आणि मग “स” असे दिसू लागले. मराठीला याची गरज नाही. “शेख यांचे गॅरेज” किंवा “शेख गॅरेज” लिहावे. आपली भाषा “चा, ची, चे” ने सारे काम करते.

पेंटरकडे जाताना

पाटी रंगवणारा किंवा फ्लेक्स छापणारा हाही कारागीरच आहे. त्याच्यापुढे कागद नसेल तर तो आठवणीने किंवा शेजारच्या पाटीवरून लिहितो. त्याला दोष देण्याऐवजी काम देतानाच पुढील काळजी घ्यावी.

जीएसटीचा दाखला किंवा बँकेचे पासबुक यावरून इंग्रजी नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून द्यावे. तोंडी सांगू नये.

नावात चिन्ह असेल तर ते नेमके कोणत्या दोन अक्षरांच्या मध्ये, हे गोल करून दाखवावे. चिन्ह नसेल तर तसे लिहूनच द्यावे.

चिन्हाचा आकार कॉम्यासारखा, इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा असतो. डोके वर, शेपूट खाली. उलटा, सहासारखा काढू देऊ नये.

छापण्याआधीचा नमुना मालकाने स्वतः पाहावा आणि घरातल्या शाळकरी मुला-मुलीलाही दाखवावा. दहावीतली मुलगी ही चूक चटकन पकडते.

जीएसटीची नोंदणी असेल तर पाटीवर क्रमांकही द्यावाच लागतो. तो आणि नाव एकाच वेळी तपासून घ्यावे.

बिलबुक, शिक्का आणि पाटी यांची मागणी एकाच कागदावरून द्यावी, म्हणजे नावात फरक पडण्याचा प्रश्नच राहत नाही.

एवढे सगळे लक्षात राहिले नाही तरी तीन गोष्टी ध्यानात असाव्यात. “चा, ची, चे” असेल तरच चिन्ह. माल अनेक आहे एवढ्यासाठी कधीच नाही. आणि शंका आली तर चिन्ह गाळावे. पाटीचे काम चार-पाच वर्षांतून एकदाच निघते आणि त्याचे पैसे खिशातून जातात. लोखंडी चौकट, पत्रा, रंग आणि मजुरी यांचा खर्च केल्यावर वर टांगलेला एक कॉमा बरोबर जागी आहे ना, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे वाचक बांधवांनी जरूर काढावीत.